जुना लॅपटॉप, लिनक्स आणि काळा पडदा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ला दिला जाणारा नियमित आधार संपवला. ‘विंडोज ११’ला लागणारा नवा प्रोसेसर आणि सुरक्षा चिप नसलेले असंख्य लॅपटॉप त्या दिवसापासून कालबाह्य ठरले. प्रत्यक्षात त्यांतील अनेकांचा कळफलक चालतो, पडदा स्वच्छ असतो आणि लेखन, पत्रव्यवहार, इंटरनेट, मुलांचा अभ्यास या कामांना त्यांची शक्ती पुरून उरते. अशा यंत्रांना आणखी काही वर्षांचे आयुष्य देण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लिनक्स. मात्र या मार्गावर पहिली ठेच लागते ती बहुधा पडद्यापाशीच. लिनक्स बसवले जाते, यंत्र पुन्हा सुरू होते आणि पडदा काळा राहतो; किंवा चित्र दिसते, पण खिडक्या सरकताना अडखळतात, अक्षरे फाटतात, उजेड कमी-जास्त होत नाही. ‘लिनक्स आपल्या यंत्रावर चालत नाही’ असा निष्कर्ष काढून लॅपटॉप भंगारात देण्याची वेळ अनेकदा इथेच येते.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. जुन्या लॅपटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्समध्ये सहसा आधीपासूनच असतो. बिघाड होतो तो त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर ओढूनताणून बसवल्यामुळे, एखादी लहान फाइल राहून गेल्यामुळे किंवा पूर्वी केलेल्या एखाद्या उपायाचा अवशेष तसाच पडून राहिल्यामुळे. म्हणून आधी निदान आणि मग उपचार, हा वैद्यकातला क्रम येथेही पाळावा लागतो. (पुढे आलेल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लहान अक्षरांत टंकित कराव्यात.)

तीन थर, तीन लक्षणे

विंडोजमध्ये ड्रायव्हर म्हणजे उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची एक फाइल, अशी सवय वापरकर्त्याला लागलेली असते. लिनक्समधील रचना वेगळी आहे. पडद्यावर चित्र उमटण्यासाठी तेथे तीन थर एकत्र काम करतात.

पहिला थर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा. चिप ओळखणे, तिला स्मृती देणे आणि पडद्याचे रिझोल्यूशन ठरवणे ही कामे तो करतो. २००९ साली आलेल्या २.६.२९ या कर्नलपासून इंटेलच्या चिपांसाठी रिझोल्यूशन ठरवण्याचे काम कर्नलकडे आले. पाठोपाठ एएमडी आणि एनव्हिडियाच्या चिपांसाठीही तसे झाले. त्यापूर्वी हे काम दुसरा थर, म्हणजे चित्रसेवक करीत असे. ‘एक्स विंडो सिस्टीम’ हा चित्रसेवक १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मला आणि आजही अनेक वितरणांत वापरात आहे. ‘वेलँड’ ही त्याची नवी पर्यायी व्यवस्था. तिसरा थर ‘मेसा’ या ग्रंथालयाचा. ब्रायन पॉल यांनी १९९३ साली सुरू केलेल्या या प्रकल्पात त्रिमितीय चित्रणाची आज्ञा चिपला समजेल अशा भाषेत बदलली जाते.

हे थर ध्यानात ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. कर्नलचा थर बिघडला तर यंत्र सुरू होतानाच पडदा काळा होतो किंवा रिझोल्यूशन अगदी कमी राहते. चित्रसेवक बिघडला तर सुरुवातीच्या ओळी दिसतात. पण प्रवेशाचा, म्हणजे लॉगइनचा पडदा येत नाही किंवा पासवर्ड दिल्यावर पुन्हा तिथेच परत आणतो. मेसाचा थर बिघडला तर सारे काही दिसते, पण अतिशय संथ चालते. तक्रार नेमकी कोणत्या टप्प्यावर उद्भवते हे पाहिले, की शोधाचे क्षेत्र एक तृतीयांश होते.

आधी यंत्र तपासावे

ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी चिप आणि पडदा धडधाकट आहेत याची खात्री करावी. यंत्र सुरू होताना उत्पादकाचे बोधचिन्ह दिसते, त्या वेळी कोणताही लिनक्स ड्रायव्हर सुरू झालेला नसतो. त्या बोधचिन्हावरच किंवा बायोसच्या पडद्यावर उभे पट्टे, रंगीत ठिपके वा तुटक अक्षरे दिसत असतील, तर दोष हार्डवेअरचा आहे आणि सॉफ्टवेअरने तो जाणार नाही. २००७-०८ सुमाराच्या काही लॅपटॉपबाबत हा संशय विशेष घ्यावा लागतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपसाठीच्या आपल्या काही चिपांतील दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. उष्णतेच्या चढउताराने चिप आणि तिच्या बैठकीमधील जोड निकामी होणे, हे त्या दोषाचे स्वरूप होते.

दुसरी चाचणी विजेरीची. पडदा पूर्ण काळा वाटत असेल तर अंधाऱ्या खोलीत त्यावर तिरपा प्रकाशझोत टाकावा. अंधुक चित्र दिसले तर ड्रायव्हर काम करतो आहे. विझला आहे तो पडद्यामागचा दिवा. तिसरी चाचणी बाहेरच्या मॉनिटरची. त्यावर चित्र व्यवस्थित येत असेल तर शोध लॅपटॉपचा पडदा, त्याची तार आणि उजेडाचे नियंत्रण यांपुरता मर्यादित राहतो.

काळ्या पडद्यातून आत शिरताना

पडदाच दिसत नसेल तर दुरुस्ती कशी करायची, हा पहिला पेच असतो. त्याची किल्ली ‘ग्रब’ या आरंभीच्या यादीत आहे. यंत्र सुरू होताना जुन्या बायोसवर ‘शिफ्ट’ दाबून ठेवल्यास किंवा नव्या यूईएफआय पद्धतीत ‘एस्केप’ दाबल्यास ही यादी दिसते. नुकतेच कर्नल अद्ययावत झाल्यावर बिघाड उद्भवला असेल तर यादीतील प्रगत पर्यायांत जाऊन आधीचा कर्नल निवडावा. अनेक वितरणे जुना कर्नल लगेच पुसून टाकत नाहीत, ते याचसाठी.

तेवढ्याने भागले नाही, तर यादीतील पहिल्या नोंदीवर असताना ‘ई’ हे अक्षर दाबावे. उघडणाऱ्या मजकुरात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी एक लांब ओळ असते. तिच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहावा. ‘नो’, ‘मोड’ आणि ‘सेट’ हे तीन इंग्रजी शब्द जोडून तो तयार झाला आहे. त्याच ओळीतील ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द काढल्यास कर्नलचे संदेश पडद्यावर दिसू लागतात. नंतर ‘एफ १०’ दाबून पुढे जावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो, त्यामुळे चुकले तरी नुकसान नाही.

‘नोमोडसेट’ नेमके काय करतो, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. तो चिपचा खरा ड्रायव्हर चालू होऊ देत नाही आणि यंत्राच्या फर्मवेअरने दिलेल्या साध्या चित्रावर काम चालवतो. रिझोल्यूशन कमी, उजेडाचे नियंत्रण नाही, चित्रणाचा सारा भार प्रोसेसरवर, अशी ती अवस्था असते. थोडक्यात, ही कुबडी आहे, उपचार नव्हे. उबुंटूमधील ‘सेफ ग्राफिक्स’ आणि लिनक्स मिंटमधील ‘कंपॅटिबिलिटी मोड’ हे पर्याय हीच युक्ती वापरतात. अनेक जण पहिल्या दिवशी हा शब्द कायमचा लिहून ठेवतात आणि पुढे वर्षभर ‘लिनक्स फार संथ आहे’ अशी तक्रार करतात. आपल्या यंत्रावर तो शिल्लक आहे काय, हे ‘प्रोक’ या निर्देशिकेतील ‘सीएमडीलाइन’ ही फाइल उघडून पाहता येते. तेथे तो आढळल्यास ‘ईटीसी’मधील ‘डीफॉल्ट’ या उपनिर्देशिकेत असलेल्या ‘ग्रब’ फाइलमधून काढावा आणि डेबियन, उबुंटू वा मिंटवर ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी.

कर्नल सुरू झाला, पण लॉगइनचा पडदा आला नाही, अशा वेळी ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ आणि ‘एफ ३’ या कळा एकत्र दाबल्यास केवळ अक्षरांचा पडदा मिळतो. तेथून सर्व तपासणी व दुरुस्ती करता येते.

चिपची ओळख

आत शिरल्यावर पहिली आज्ञा ‘एलएसपीसीआय’. तिच्यापुढे एक जागा सोडून आडवी रेघ आणि ‘एनएनके’ ही अक्षरे लिहिली, की यंत्रातील प्रत्येक भागाचे नाव, त्याचा क्रमांक आणि त्याच्यासाठी वापरात असलेला ड्रायव्हर अशी यादी मिळते. ‘व्हीजीए’ किंवा ‘३डी’ असा उल्लेख असलेल्या नोंदी ग्राफिक्स चिपच्या. नोंदीतील चौकटी कंसातल्या क्रमांकाची पहिली चार चिन्हे उत्पादक सांगतात : ‘८०८६’ म्हणजे इंटेल, ‘१००२’ म्हणजे एटीआय अथवा एएमडी, ‘१०डीई’ म्हणजे एनव्हिडिया, ‘११०६’ म्हणजे व्हीआयए आणि ‘१०३९’ म्हणजे एसआयएस. लॅपटॉपवर चिकटवलेल्या रंगीत पट्टीपेक्षा या क्रमांकावर विश्वास ठेवावा.

त्या नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. तेथे इंटेलसाठी ‘आय९१५’, एएमडीसाठी ‘रेडिऑन’ वा ‘एएमडीजीपीयू’, एनव्हिडियासाठी ‘नूव्हो’ वा ‘एनव्हिडिया’ असे नाव दिसले पाहिजे. ओळच नसेल तर पहिला थर बिघडला आहे.

दुसरी आज्ञा ‘जीएलएक्सइन्फो’; डेबियन व उबुंटू परिवारात ती ‘मेसा-यूटिल्स’ या पॅकेजमधून मिळते. तिच्या उत्तरात ‘रेंडरर’ या शब्दापुढे चिपचे नाव असेल तर तिसरा थर ठीक आहे. तेथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असे नाव असेल, तर चित्रणाचे काम चिपऐवजी प्रोसेसर करीत आहे. जुन्या प्रोसेसरवर संथपणा, तापलेला तळ आणि सतत घोंघावणारा पंखा यांचे हे एक हमखास कारण असते.

तिसरी आज्ञा ‘डीएमईएसजी’. कर्नलने सुरुवातीपासून नोंदवलेले संदेश ती दाखवते. त्यात ‘फर्मवेअर’ आणि ‘फेल्ड’ हे शब्द एकाच ओळीत आले, तर अर्धे निदान झालेच. एक्स चित्रसेवकाच्या नोंदवहीत दोषाच्या ओळीपुढे कंसात ‘ईई’ अशी खूण असते. तेवढ्याच ओळी आधी वाचाव्यात.

इंटेल : ड्रायव्हर शोधू नये

जुन्या लॅपटॉपमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या इंटेलच्या चिपांसाठी वेगळा ड्रायव्हर बसवण्याची गरज नसते. २००४ च्या ‘९१५’ चिपसंचावरून नाव पडलेला ‘आय९१५’ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. मेसामध्ये मात्र २०२२ साली एक मोठा बदल झाला. २२.० या आवृत्तीत फार जुने ड्रायव्हर मुख्य प्रवाहातून काढून ‘अँबर’ या वेगळ्या शाखेत ठेवण्यात आले. जीएमए ९५० सारख्या २००६ सुमाराच्या चिपांसाठी मुख्य प्रवाहात नव्या रचनेचा ड्रायव्हर राहिला आणि जीएमए एक्स३१०० पासून २०१३ च्या हॅसवेल पिढीपर्यंतच्या चिपा ‘क्रोकस’ या ड्रायव्हरकडे सोपवण्यात आल्या. अद्ययावत मेसा असलेल्या वितरणात ही निवड आपोआप होते.

इंटेलवर बिघाड होतो तो बहुधा जुन्या सल्ल्यांमुळे. एके काळी ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ ही फाइल हाताने लिहिल्याशिवाय एक्स चित्रसेवक सुरूच होत नसे. २००८ च्या सुमारास ही गरज जवळपास संपली. पण त्या काळातील सूचना वाचून आजही अनेक जण ती फाइल तयार करतात. ‘ईटीसी’मधील ‘एक्स११’ या निर्देशिकेत अशी फाइल आढळल्यास तिचे नाव बदलून ठेवावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. एवढ्यानेच अनेक लॅपटॉप ताळ्यावर येतात. काही जुन्या इंटेल चिपांना नसलेला दूरचित्रवाणी-जोड ‘दिसतो’ आणि लॉगइनची चौकट त्या काल्पनिक पडद्यावर जाते. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो दुसरा पडदा बंद करावा.

इंटेलचे नाव असूनही वेगळ्या कुळातील दोन चिपा मात्र अपवाद आहेत. २००८ सुमाराची जीएमए ५०० आणि २०११-१२ ची जीएमए ३६०० या छोट्या नेटबुकमधील चिपांचे मूळ पॉवरव्हीआर या बाहेरच्या रचनेत आहे. कर्नलमधील ड्रायव्हर त्यांना योग्य रिझोल्यूशन देतो. त्रिमितीय वेग देत नाही. तेथे हलका डेस्कटॉप वापरून लेखन-वाचनापुरती अपेक्षा ठेवणे शहाणपणाचे.

एएमडी : राहून गेलेली लहान फाइल

एएमडीने २००६ साली एटीआय ही कंपनी घेतली आणि २००७ पासून आपल्या चिपांची तांत्रिक माहिती खुली करण्यास प्रारंभ केला. त्याचे फळ जुन्या रेडिऑनधारकांना आजही मिळते आहे. कंपनीचा स्वतःचा बंद ‘कॅटलिस्ट’ ड्रायव्हर २००९ मध्ये एक्स१००० पर्यंतच्या मालिकांना आणि २०१२ मध्ये एचडी २००० ते ४००० या मालिकांना सोडून गेला. २०१६ मध्ये उबुंटूनेही तो वगळला. खुला ‘रेडिऑन’ ड्रायव्हर मात्र या साऱ्या चिपा आजही चालवतो. तेव्हा कॅटलिस्ट बसवण्याचा जुना सल्ला कुठे आढळला, तर तो सरळ सोडून द्यावा.

एएमडीवरील नेहमीचा दोष फर्मवेअरचा. सुरू होताना चिपला उत्पादकाने दिलेली एक लहान फाइल लागते. ती मुक्त परवान्याखाली नसल्याने डेबियनच्या अधिकृत प्रतीत पूर्वी नसे. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ती प्रतीतच समाविष्ट झाली. जुन्या डेबियनवर पडदा काळा किंवा रिझोल्यूशन कमी असेल, तर ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ हे पॅकेज बसवावे. लॅपटॉप विनाकारण तापत असेल, तर कर्नल फार जुना नाही ना, हे पाहावे. या चिपांचे वीजव्यवस्थापन २०१३ च्या ३.११ या कर्नलपासून खऱ्या अर्थाने सुधारत गेले.

एनव्हिडिया : मुदतीचा प्रश्न

सर्वांत अधिक मनस्ताप एनव्हिडियाच्या जुन्या चिपांचा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात या कंपनीच्या असहकाराबद्दल जाहीरपणे संताप व्यक्त केला होता. कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलशी जोडलेला भाग खुला केला. परंतु तो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढेच चालतो. जुन्या लॅपटॉपला त्याचा उपयोग नाही.

जुन्या चिपांसाठी दोन मार्ग उरतात. पहिला, कंपनीच्या बंद ड्रायव्हरची जुनी मालिका. जीफोर्स ६ आणि ७ साठी ३०४, जीफोर्स ८ पासून ३०० पर्यंत ३४०, फर्मी पिढीसाठी ३९० आणि केप्लर पिढीसाठी ४७० अशी ही विभागणी आहे. त्यांचा आधार अनुक्रमे २०१७, २०१९, २०२२ आणि २०२४ मध्ये संपला. आधार संपणे म्हणजे केवळ नवी सोय न मिळणे नव्हे. हा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलशी पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. कर्नलची रचना बदलत जाते आणि एका अद्ययावतीकरणानंतर ही जुळणी तुटते. आदल्या रात्री नीट बंद केलेला लॅपटॉप सकाळी काळा पडदा दाखवतो तो यामुळे. शिवाय, सापडलेल्या सुरक्षा-त्रुटीही तशाच राहतात.

दुसरा मार्ग ‘नूव्हो’चा. फ्रेंच भाषेत ‘नवा’ असा अर्थ असलेला हा खुला ड्रायव्हर स्वयंसेवकांनी चिपांच्या वर्तनाचा अभ्यास करून लिहिला आणि २०१० मध्ये २.६.३३ या कर्नलमध्ये दाखल झाला. त्याची मर्यादा वेगाची. चिप सुरुवातीच्या कमी गतीवरच राहते आणि ती वाढवण्याची सोय सर्व पिढ्यांत नाही. खेळ किंवा चित्रफितींचे संपादन यांसाठी तो अपुरा पडतो. लेखन, वाचन आणि इंटरनेटसाठी तो पुरेसा असतो आणि नव्या कर्नलसोबत आपोआप पुढे जातो. नूव्होवर यंत्र वारंवार गोठत असेल, तर कर्नलच्या ओळीत ‘नूव्हो डॉट नोअ‍ॅक्सेल बरोबर १’ हा पर्याय, शब्दांऐवजी चिन्हे वापरून, द्यावा. त्याने वेग आणखी घटतो, पण यंत्र हाती राहते.

पिढी ओळखताना नावावर विसंबू नये. जीफोर्स ६०० मालिका केप्लरची मानली जाते. पण त्याच मालिकेतील जीटी ६३०एम ही चिप फर्मी पिढीची आहे. ‘एलएसपीसीआय’च्या उत्तरात चिपचे सांकेतिक नाव येते. ते ‘जीएफ’ने सुरू होत असेल तर फर्मी, ‘जीके’ असेल तर केप्लर, ‘जीएम’ असेल तर मॅक्सवेल.

बंद ड्रायव्हरकडून नूव्होकडे परतताना एक सापळा असतो. बंद ड्रायव्हर बसताना नूव्होला मज्जाव करणारी एक फाइल ‘ईटीसी’मधील ‘मॉडप्रोब डॉट डी’ या निर्देशिकेत ठेवतो. ड्रायव्हर काढला आणि ही फाइल राहिली, तर दोघांपैकी एकही सुरू होत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम ड्रायव्हर ज्या मार्गाने बसवला त्याच मार्गाने काढावा, म्हणजे पॅकेज असेल तर पॅकेज-व्यवस्थापकातून आणि कंपनीच्या संकेतस्थळावरील फाइल असेल तर तिच्याच ‘अनइन्स्टॉल’ पर्यायाने. नंतर ‘ब्लॅकलिस्ट नूव्हो’ अशी ओळ असलेली फाइल हटवावी, जुनी ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ बाजूला करावी, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ही आज्ञा आडवी रेघ आणि ‘यू’ या अक्षरासह द्यावी आणि मग यंत्र पुन्हा सुरू करावे.

एका लॅपटॉपमध्ये दोन चिपा

२०१० मध्ये एनव्हिडियाने ‘ऑप्टिमस’ ही पद्धत आणली. तीत प्रोसेसरसोबतची इंटेल चिप नेहमीच्या कामाला आणि एनव्हिडियाची चिप जड कामाला, अशी विभागणी असते. अशा यंत्रात पडदा बहुधा इंटेलच्या चिपलाच जोडलेला असतो. त्यामुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर नसला तरी लॅपटॉप उत्तम चालतो. जुन्या यंत्रात बायोसमध्ये सोय असल्यास दुसरी चिप बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय. बॅटरी अधिक टिकते, तळ थंड राहतो आणि निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. एखाद्या कार्यक्रमासाठी दुसरी चिप हवीच असेल, तर खुल्या ड्रायव्हरांवर त्या कार्यक्रमाच्या आज्ञेआधी ‘डीआरआय अंडरस्कोर प्राइम’ हा चल मोठ्या रोमन अक्षरांत लिहून त्याला १ हे मूल्य द्यावे.

ड्रायव्हरवर येणारा खोटा आळ

काही तक्रारी ड्रायव्हरच्या वाटतात, पण त्यांचे मूळ अन्यत्र असते. उजेड बदलत नसेल, तर कर्नलच्या ओळीत ‘एसीपीआय अंडरस्कोर बॅकलाइट’ या पर्यायाला ‘व्हेंडर’, ‘नेटिव्ह’ आणि ‘व्हिडिओ’ ही मूल्ये एकेक करून द्यावीत. त्यांपैकी एखादे अनेकदा लागू पडते.

यूट्यूबवरील चित्रफीत अडखळते, याचे कारण बहुधा ती नव्या पद्धतीने संकुचित केलेली असते. व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धती उलगडण्याची सोय जुन्या चिपांत नसते, म्हणून सारा भार प्रोसेसरवर पडतो. एच.२६४ उलगडू शकणाऱ्या चिपांवर ब्राउझरला ‘एच२६४इफाय’ ही जोडणी लावून त्या जुन्या पद्धतीची चित्रफीत मागवता येते. रिझोल्यूशन ४८० पर्यंत उतरवणे हा त्याहून साधा उपाय.

२०१३ ते २०१५ या काळातील इंटेल ‘बे ट्रेल’ प्रोसेसरचे स्वस्त लॅपटॉप जुन्या कर्नलवर मध्येच गोठत. दोष ग्राफिक्सचा वाटे. मूळ मात्र प्रोसेसरच्या वीजबचतीच्या अवस्थांत होते. कर्नल अद्ययावत केल्यास ही तक्रार सहसा राहत नाही.

मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसणे, हा तर ग्राफिक्सचा दोषच नव्हे. ‘लोहित’ किंवा ‘नोटो’ या संचातील देवनागरी फॉन्ट बसवला, की काम झाले.

वितरणाची निवड

जुन्या चिपेवर भपकेदार डेस्कटॉप लादला, तर योग्य ड्रायव्हरही हतबल होतो. एक्सएफसीई, मेट किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप अशा यंत्रांना मानवतात. वेलँडवर अडचण येत असेल आणि लॉगइनच्या पडद्यावर एक्सचा पर्याय असेल, तर तो निवडून पाहावा. सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ मध्ये एक्सचे सत्र मूळ रचनेत बंद ठेवलेले आहे, हे मात्र ध्यानात घ्यावे.

३२ बिटांच्या प्रोसेसरसाठी वाट अरुंद होत चालली आहे. फेडोराने २०१९ मध्ये त्यांची साथ सोडली आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी कर्नल व प्रतिष्ठापक दिलेला नाही. डेबियन १२ चा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत नियोजित आहे. तोवर अशा यंत्रांना तेथे आसरा आहे. २००४ पूर्वीच्या अनेक चिपांसाठी, तसेच व्हीआयए आणि एसआयएसच्या चिपांसाठी कर्नलमध्ये असलेले जुने त्रिमितीय ड्रायव्हर २०२३ च्या ६.३ या कर्नलमधून वगळण्यात आले. तेथे साध्या चित्रापलीकडे काही मिळण्याची आशा धरू नये.

कोणतेही वितरण बसवण्यापूर्वी ते पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे. वाय-फाय, उजेड, बाहेरचा मॉनिटर आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर पडदा परत येणे, या चार गोष्टी तेथेच तपासता येतात. एका वितरणात त्रास झाला, तर कर्नलची वेगळी आवृत्ती असलेले दुसरे वितरण पाहावे. दोष कोणत्या थरात आहे, ते या तुलनेत लवकर उघड होते. बदल नेहमी एका वेळी एकच करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा. पाच उपाय एकदम केले, तर बरे कशाने झाले आणि बिघडले कशाने, हे दोन्ही कळेनासे होते.

कुठे थांबावे

बोधचिन्हावरच पट्टे दिसत असतील, बाहेरच्या मॉनिटरवरही चित्र तुटत असेल किंवा यंत्र तापताच प्रत्येक प्रणालीत गोठत असेल, तर ड्रायव्हरचा शोध थांबवावा. पंख्यातील धूळ काढणे आणि चिपवरील वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणे, हे कमी खर्चाचे काम मात्र आधी करून घ्यावे. त्यानेही गुण आला नाही, तर हार्ड डिस्कमधील माहिती काढून घेऊन यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांना तेच अभिप्रेत आहे.

एरवी मात्र उत्तर बहुधा कर्नलमध्येच तयार असते. उत्पादकाचा बंद ड्रायव्हर त्याच्या व्यापारी सोयीइतकाच टिकतो. खुल्या ड्रायव्हरला कुणीतरी सांभाळणारा असेपर्यंत आयुष्य असते. एचडी ४००० मालिकेतील रेडिऑन चिपेला तिच्या कंपनीने २०१२ मध्ये मागे टाकले, पण लिनक्सने तिला अद्याप सोडलेले नाही. जुना लॅपटॉप विकत घेताना किंवा घरातला पुन्हा वापरात आणताना प्रोसेसरचा वेग आणि स्मृतीची क्षमता यांच्याबरोबर ‘याच्या चिपेला खुला ड्रायव्हर आहे काय’ हा प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरावर त्या यंत्राचे उरलेले आयुष्य अवलंबून असते.